नेमाआधी ओळख

मक्याच्या कणसात दूध भरू लागले की बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर तालुक्यात जागल सुरू होते. धुऱ्यावर बांधलेला माळा, हातात बॅटरी, बडवायला पत्र्याचा डबा आणि शेजारच्या वावरातल्या माणसाला दिलेली हाळी, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा बंदोबस्त. रानडुकरांचा कळप एकदा पिकात शिरला की खातो थोडे आणि लोळवतो फार. पुढे हरभऱ्याचे घाटे धरेपर्यंत रोह्यांची, म्हणजे नीलगाईंची, पाळी येते. दिवसभर वखर-फवारणीत राबलेला माणूस रात्रीही वावरातच बसतो आणि तरी सकाळी धुऱ्यावरून दिसणारा आडवा झालेला पट्टा त्याला चुकत नाही.

या जागलीतूनच एक प्रश्न गेल्या काही वर्षांत पुढे आला आहे. ज्याच्याकडे परवान्याची रायफल आहे आणि उपद्रवी जनावर मारण्याची वनखात्याची लेखी परवानगीही आहे, त्याने तिन्हीसांजेच्या अपुऱ्या उजेडात नेम धरण्यासाठी कोणती दुर्बीण बसवावी? मोठ्या भिंगाची, चकाकत्या रेषांची, की अंधारातही उष्णता टिपणारी थर्मल? प्रश्न दुकानातला वाटतो. पण त्यात शेतकऱ्याची मिळकत, जनावराचा जीव आणि पलीकडच्या वावरात पाणी देणाऱ्या माणसाची सुरक्षितता गुंतलेली आहे. म्हणून त्याचा विचार किमतीच्या चिठ्ठीपलीकडे जाऊन करायला हवा.

आधी कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. हौसेची शिकार या देशात उरलेली नाही आणि उरू नये. कलम ११ मात्र एक अरुंद दार उघडे ठेवते. जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक ठरले, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. रोही आणि रानडुक्कर पूर्वी तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आले. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे त्यांना सर्वांत कडक संरक्षण आहे. परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता ठरते. त्याचे मटण घरी नेता येत नाही. हा हक्क पीक वाचवण्यापुरता आहे, ताटापुरता नाही.

या कायद्याचा एक जुना तपशील आज मुद्दाम आठवावा असा आहे. १९७२ चा मूळ कायदा परवान्याने शिकार करू देत होता, तेव्हा त्याच्या कलम १७ मध्ये सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत शिकारीला आणि शिकारीसाठी कृत्रिम उजेड वापरायला मनाई होती. अपवाद एकच, मारलेल्या भक्ष्यावर परतणारे मांसभक्षक जनावर, आणि तोही खास परवानगीने. १९९१ च्या दुरुस्तीत परवान्याची शिकारच बंद झाली, तसे ते कलमही गेले. पण ते लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट नेमकी हेरली होती. रात्री माणसाला जनावर दिसण्याआधी जनावराचा भास होतो.

हत्याराचीही वस्तुस्थिती पाहू. शस्त्र अधिनियम, १९५९ पीकसंरक्षणासाठी मुख्यतः ठासणीच्या बंदुकीचा विचार करतो. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. अशा बंदुकीच्या नेमावर तीस-चाळीस मीटरपलीकडे फारसा भरवसा ठेवता येत नाही. तिच्यावर महागडी दुर्बीण बसवणे म्हणजे बैलगाडीला मोटारीचे दिवे लावणे. दुर्बिणीचा प्रश्न खरा आहे तो रायफलवाल्या मोजक्या परवानाधारकांपुरता. त्यांच्यातल्या अनेकांकडे इशापूरच्या कारखान्यातली पॉइंट ३१५ बोअरची रायफल असते आणि तिलाही दुर्बीण चढवण्याची तयार सोय नसते. बैठक कच्ची असेल तर जगातली सर्वोत्तम काचही दोन फैरींत नेम सोडते. म्हणून दुर्बिणीच्या आधी तिच्या बैठकीवर खर्च करावा.

आता काचेकडे. अपुऱ्या उजेडात दुर्बिणीची खरी कसोटी एका साध्या भागाकारात आहे. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, म्हणजे दुर्बीण वस्तू जितक्या पटीने मोठी दाखवते तो आकडा. जे उत्तर येते, तेवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा गोल मागून डोळ्यात येतो. ८ पट आणि ५६ मिलिमीटर भिंग असेल तर गोल ७ मिलिमीटरचा. ६ पट, ४२ मिलिमीटर असेल तरीही ७. पण ३ ते ९ पटांची, ४० मिलिमीटरची सर्रास विकली जाणारी दुर्बीण ९ पटांवर ठेवली तर गोल जेमतेम साडेचार मिलिमीटर उरतो आणि चित्र काळवंडते. तीच दुर्बीण ६ पटांवर आणली की गोल साडेसहाच्या वर जातो आणि तोच धुरा पुन्हा उजळ दिसतो. अंधार पडला की जवळ आणून बघावे म्हणून माणूस पट वाढवतो, आणि नेमका तिथेच प्रकाश हरवतो. हातात असलेली दुर्बीण नीट वापरली, तर नव्या दुर्बिणीची गरज अनेकदा उरत नाही.

पण डोळ्याचाही हिशेब आहे. तरुणपणी अंधारात बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. पन्नाशीनंतर ती ५ च्या आसपासच थांबते. मुले पुण्याला नाहीतर सुरतेला गेलेल्या अनेक घरांत जागलीला घरातले वडीलधारेच जातात. त्यांच्या डोळ्यात ७ मिलिमीटरचा गोल मावतच नाही. कडेचा प्रकाश वाया जातो. त्यांच्यासाठी ५६ मिलिमीटरचे जड भिंग म्हणजे पैशांचा आणि वजनाचा भार. ८ पट, ४२ मिलिमीटर पुरेसे आहे. दुकानदार दुसरा एक आकडा पुढे करतो, पट आणि व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. ८×५६ ला ते २१ च्या पुढे जाते, ६×४२ ला १६ च्या आत राहते. या आकड्याला काचेची प्रत कळत नाही. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो, आणि दुर्बिणीत असे पृष्ठभाग अनेक असतात. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तन रोखणारा लेप शोधला, तेव्हापासून दुर्बिणीची संध्याकाळ लांबली. आजही चांगला लेप असलेले ४२ मिलिमीटरचे भिंग हलक्या लेपाच्या ५६ ला मागे टाकू शकते. निवड करायची तर ती भर दुपारी दुकानाच्या दारात न करता दिवेलागणीला करावी.

नेम धरण्याच्या रेषांचेही तसेच. दुपारी सुबक वाटणाऱ्या बारीक रेषा तिन्हीसांजेला तुरीच्या काळ्या ताटांत विरघळून जातात. बाजूंना जाड आणि मध्ये बारीक अशा जुन्या जर्मन धाटणीच्या रेषा त्या वेळी टिकतात. मध्यभागी लाल ठिपका उजळणारी सोय उपयोगी आहे, पण तो अगदी मंद करता आला पाहिजे. प्रखर ठिपका बाहुली आकसून टाकतो, आणि अंधाराला सरावायला डोळ्याने घेतलेली वीस-तीस मिनिटे एका क्षणात वाया जातात.

इथवरचे सगळे गणित पुस्तकात सापडते. मलकापूरचे गणित थोडे निराळे आहे. मोठ्या भिंगाच्या दुर्बिणी घडल्या त्या जर्मनी-ऑस्ट्रियाच्या जंगलात, जिथे सूर्य तिरका मावळतो आणि उन्हाळ्यात संधिप्रकाश तासाच्या हिशेबात रेंगाळतो. मलकापूर उत्तर अक्षांश २१ अंशांच्या जवळ आहे. इथे सूर्य जवळजवळ सरळ बुडतो. मावळल्यापासून वस्तू धड ओळखू येण्याइतका उजेड उरतो तो अवघी वीस-पंचवीस मिनिटे. उत्तम काच त्यात पाच-दहा मिनिटांची भर घालील. डुक्कर मात्र मध्यरात्री येते. म्हणजे ज्या वेळेसाठी ही दुर्बीण घ्यायची, ती वेळ इथे फार थोडी आहे. पहाटेचेही तसेच, फक्त उलट्या क्रमाने; आणि पहाट अधिक चांगली, कारण तिथे प्रत्येक मिनिटाला उजेड वाढत जातो.

म्हणूनच थर्मलचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे उडवून लावता येत नाही. जनावर रात्री येते, तर साधन रात्रीचे हवे, हा त्यांचा मुद्दा सरळ आहे. शिवाय थर्मलमध्ये माणूसही झळकतो. साध्या काचेतून काळोखात मिसळलेला सालगडी तिथे पांढरा शुभ्र दिसतो. सुरक्षिततेच्या बाजूने हा भक्कम युक्तिवाद आहे आणि तो मान्य करायला हवा.

पण थर्मल काय दाखवते आणि काय दाखवत नाही, हे नीट समजून घ्यावे लागेल. जॉन जॉन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये मांडलेला हिशेब आजही वापरात आहे. काहीतरी आहे एवढे कळण्यासाठी, कोणत्या जातीचे ते कळण्यासाठी आणि नेमके काय ते ओळखण्यासाठी चित्रात वाढत्या प्रमाणात तपशील लागतो. आजच्या पडद्यावर साधारण २, ८ आणि १३ ठिपके. तेवढे ठिपके मिळाले तरी बघणारा निम्म्या वेळाच बरोबर ठरतो. १२ मायक्रॉनचा सेन्सर आणि ३५ मिलिमीटरची लेन्स असेल तर १०० मीटरवर एक ठिपका सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा पडतो. ७० सेंटिमीटर उंचीचे डुक्कर तिथे वीस ठिपक्यांचे दिसते, म्हणजे ओळखता येते. तेच ३०० मीटरवर सात ठिपक्यांचे, म्हणजे एक उष्ण गोळा. माहितीपत्रकावर छापलेले किलोमीटरभराचे अंतर हे ‘काहीतरी उष्ण आहे’ एवढ्यापुरतेच असते. त्यात आपली काळी जमीन दिवसभराचे ऊन पोटात साठवते आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरी ढेकळे आणि धोंडेही चमकतात. पाऊस पडून गेला की सगळे एकसारखे थंड होऊन चित्र फिके पडते. नेमका मक्याचा हंगाम पावसाचाच असतो. आणि पाच फुटी तुरीच्या आड जे आहे, ते थर्मललाही तुकड्यातुकड्यांनीच दिसते.

साध्या काचेची मर्यादा वेगळी आहे. संधिप्रकाशात डोळ्याला रंग कळेनासे होतात. रोह्याचा निळसर करडा नर दिवसा शंभर मीटरवरून ओळखू येतो. पण बदामी रंगाची मादी, सुटून आलेली तांबूस गाय आणि वासरू हे सगळे दिवेलागणीला एकाच राखाडी रंगाचे होतात. फरक पायांच्या उंचीत, पाठीच्या उतारात आणि चालीत उरतो. तो बघायला वेळ लागतो, आणि नेम धरलेल्या माणसाकडे धीर सर्वांत कमी असतो.

या मातीत न ओळखता गोळी झाडण्याची चूक किती महाग पडू शकते, याची उदाहरणे दूरची नाहीत. टिपेश्वर अभयारण्यातला रेडिओ कॉलर घातलेला तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये निघाला आणि विदर्भ-मराठवाड्याची शेते, नाले, गावे ओलांडत सुमारे तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरमध्ये ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. ज्ञानगंगा मलकापूरला लागून असलेल्या मोताळा-बुलढाण्याच्या डोंगरपट्ट्यात आहे. तो चालला मुख्यतः रात्री, आणि त्याच्या वाटेवर जागलीचे असंख्य माळे होते. त्यांतल्या एखाद्या माळ्यावरून जरी कोणी उष्ण गोळ्यावर गोळी झाडली असती, तर आज ज्या प्रवासाचे कौतुक होते तो तिथेच संपला असता. दुसरे उदाहरण यवतमाळचे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात टी-१ म्हणजे अवनी ही वाघीण गोळी घालून मारण्यात आली. तिच्या नावावर तेरा माणसांचे बळी होते आणि ज्या गावांनी ती भीती भोगली, त्यांच्या सुटकेच्या निःश्वासाला कोणी नावे ठेवू नयेत. तरीही राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने त्या रात्रीच्या कार्यपद्धतीवर गंभीर ठपका ठेवला. सरकारी आदेश, वनखात्याची गाडी आणि मुरलेला नेमबाज असूनही अंधारातल्या एका गोळीबद्दलचे प्रश्न वर्षानुवर्षे मिटले नाहीत. धुऱ्यावर एकट्या बसलेल्या शेतकऱ्याच्या चुकीला तर कोणी साक्षीदारही नसेल.

आणखी एक गोष्ट शहरातून दिसत नाही. रात्रीचे रान रिकामे नसते. कृषिपंपांना वीज दिवसा-रात्री आलटून पालटून मिळते. रात्रीची पाळी असली की माणसे बारा-एकला पाणी द्यायला वावरात जातात, दांड फोडतात, वाकून नाका बांधतात. वाकलेला माणूस आणि उभे जनावर यांच्या आकारात अंधारात फार अंतर राहत नाही. त्यात पूर्णेचे खोरे सपाट. सातपुडा उत्तरेला, अजिंठ्याचे डोंगर दक्षिणेला, मधल्या काळ्या रानात चुकलेली गोळी अडवायला टेकाड नाही. रायफलची गोळी किलोमीटरच्या पलीकडे जाते. जमिनीवरून सरळ झाडलेली गोळी कुठे थांबेल, हे झाडणाऱ्याला सांगता येत नाही. माळ्यावरून खालच्या दिशेने झाडली तर निदान मातीत रुतते. दुर्बीण कितीही भारी असो, हा फरक तिच्यात नाही. तो बसण्याच्या जागेत आहे.

शेतकऱ्याची बाजू मात्र कमी लेखून चालणार नाही. पंचनाम्याची वाट बघत बसलेल्या, भरपाईत बियाण्याचाही खर्च न निघालेल्या माणसाला संयमाचा उपदेश करणे सोपे आहे. कायदेशीर मार्ग अवघड ठेवला की माणूस बेकायदा मार्ग धरतो. धुऱ्यावर विजेचा प्रवाह सोडलेली तार आणि डुकरांसाठी पेरलेले गावठी बॉम्ब यांनी जनावरांबरोबर गुरे आणि माणसेही मेली आहेत. त्या तारेपेक्षा परवानगी घेऊन, ओळखून, दिवसाउजेडी झाडलेली एक गोळी कितीतरी जबाबदार आहे. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांकडे दिले आणि परवानाधारक नेमबाजांच्या याद्या केल्या. बिहारमध्ये २०१६ साली मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या, तेव्हा केंद्रातल्याच दोन मंत्र्यांमध्ये जाहीर वाद झाला. हे दोन्ही अनुभव समोर ठेवले तर एक गोष्ट कळते. कोणी मारायचे आणि कोणाला जबाबदार धरायचे, हे आधी ठरलेले असेल तर निर्णय टिकतो. फक्त संख्या मोजली तर तो कत्तलीसारखा दिसू लागतो.

वन्यजीवप्रेमींचे म्हणणेही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवे. साधन जितके प्रभावी, तितका मोह मोठा. रात्रीची दुर्बीण आज परवानगीच्या डुकरासाठी घेतली जाते. उद्या तिच्यातून चिंकारा दिसतो. शिवाय अंधारात जखमी झालेल्या जनावराचा माग काढता येत नाही. ते तुरीत शिरून बसते आणि सकाळी निंदायला आलेल्या बाईच्या अंगावर येते. जनावर जागीच पडेल याची खात्री नसेल, तर ती गोळी पीक वाचवत नाही, शेजाऱ्याच्या दारात संकट नेऊन ठेवते.

दोन्ही पारडी तोलल्यावर आम्हाला योग्य वाटणारी निवड अशी. रायफलवर साध्या काचेची, कमी पटांची दुर्बीण असावी: स्थिर ६ पट, ४२ मिलिमीटर, किंवा पट बदलणारी असेल तर सहाच्या आतच ठेवलेली. लेप चांगला, रेषा जाड, ठिपका मंद. कमी पटांत आजूबाजूचे रान जास्त दिसते, आणि जनावराशेजारी काय आहे हे दिसणे जनावर मोठे दिसण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. पैसे उरले तर थर्मल घ्यावी, पण हातातली, रायफलपासून वेगळी. कारण रायफलवरच्या दुर्बिणीतून शोध घेतला की जे जे पाहिले त्या त्या गोष्टीकडे नळी वळते. आणि पाहिलेल्यांत पाणी देणारा माणूसही असू शकतो. शोध हातातल्या साधनाने घ्यावा, जनावराला हुसकावण्यासाठी त्याचा भरपूर उपयोग करावा. नेम मात्र साध्या काचेतून डोळ्याने ओळखता येईल तेव्हाच धरावा. काचेतून ओळख पटेनाशी झाली की त्या संध्याकाळचे काम संपले.

यावर आक्षेप येईल की मध्यरात्रीच्या डुकराचे मग काय? त्याचे उत्तर दुर्बिणीत नाही. रोही सकाळ-संध्याकाळी उजेडात हाती लागते. डुकराचा बंदोबस्त गावाने मिळून करावा: सामूहिक कुंपण, वनखात्याच्या देखरेखीखाली सापळे, दिवसा नाल्यांतल्या झुडपांतून त्यांना उठवणे. त्यासाठी तालुक्यातल्या परवानाधारकांची यादी, त्यांची नेमबाजीची आणि जनावर ओळखण्याची परीक्षा आणि परवानगीच्या कागदावर ठिकाण व वेळ या तीन गोष्टी प्रशासनाने कराव्यात. आणि कृषिपंपांना दिवसा वीज मिळाली तर रात्रीच्या रानातून निदान माणूस तरी बाहेर पडेल. जागलीच्या प्रश्नात ही सुधारणा कोणत्याही काचेपेक्षा मोठी ठरेल.

जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या २ मे १९२६ च्या रात्री रायफलला लावलेल्या विजेच्या बॅटरीच्या उजेडात मारला. गोळी सुटताच ती बॅटरी विझली, आणि जनावर मेले की निसटले हे कळायला त्यांना झाडावर बसून राहावे लागले. त्यांच्याइतका रानाचा जाणकारही त्या अंधारात घाईने खाली उतरला नाही. धुऱ्यावरच्या माळ्यावर बसलेल्या माणसाकडे आज कॉर्बेटहून कितीतरी चांगली काच असू शकते. तिच्याबरोबर ते थांबणेही त्याने घ्यावे. डब्याच्या आवाजाने पळालेले डुक्कर उद्या पुन्हा येईल. न ओळखता झाडलेली गोळी मात्र परत येणार नाही.